हात न लावण्याचं मशीन

कॉम्प्युटरला घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, त्याच्या नादाला लागून जेवणखाण विसरलेलीही पाहिली. पण त्याला घाबरत घाबरत त्याच्यावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच असावा, आणि तो नेमका थोरला दीर म्हणून माझ्या नशिबी आला. अंबरनाथ पूर्वेला आमच्या तळमजल्यावरच्या घराच्या पुढच्या खोलीत मी बालवाडी चालवायचे. भावोजी आणि जाऊबाई वरच्या मजल्यावर राहायचे. त्यामुळे बालवाडीत काही खुट्ट झालं की भावोजी जिन्यावरून खाली हजर. पोरं रडली तर का रडतात, हसली तर एवढं हसण्यासारखं काय झालं, आणि गप्प बसली तर नक्की काहीतरी बिघडलंय, अशी तपासणी रोज चालायची. मी एकदा जाऊबाईंना म्हटलं, "अहो, यांना जरा वरच गुंतवून ठेवा ना." त्या शांतपणे म्हणाल्या, "इतकी वर्षं कारखान्याने ठेवलं, आता तुझी पाळी."

भावोजींची उभी हयात एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली होती. तिथे त्यांचं राज्य होतं. त्यांना विचारल्याशिवाय तिथला पाना हलायचा नाही, आणि हललाच तर जागेवर परत येईपर्यंत भावोजींचा घास उतरायचा नाही. मग कधीतरी कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलं. ते शिकायला नव्या पोरांना बसवलं आणि भावोजींना सांगितलं, "काका, तुम्ही जरा लांबूनच बघा." झालं! ज्या माणसाने कुणाला पान्याला हात लावू दिला नाही, तो पाळीच्या पाळी हात पाठीमागे बांधून पोरांच्या मागे उभा राहिला. शेवटी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्या निवृत्तीत स्वेच्छा कोणाची असते हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घरी आल्यावर भावोजी पंख्याचं बटणसुद्धा जाऊबाईंना दाबायला सांगू लागले.

त्याच सुमाराला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक इंग्लिश मीडियम नर्सरी निघाली. तिच्या बोर्डावर टाय लावलेलं एक गोरंपान बाळ आणि त्याच्यापुढे कॉम्प्युटर रंगवलेला होता. आत कॉम्प्युटर होता की नाही देव जाणे, पण बोर्डावर होता आणि आयांना तेवढा पुरला. माझी पोरं एकेक करून तिकडे गळायला लागली. मी जेवताना आमच्या यांच्यापाशी कुरकुर करत होते, "आता चार वर्षांच्या पोरांनाही म्हणे कॉम्प्युटर पाहिजे. नाक पुसता येत नाही अजून!" वरून कधी आले कोण जाणे, भावोजी दारात उभे. म्हणाले, "मशीन मी आणतो." मी म्हटलं, "अहो भावोजी, पण..." तर म्हणाले, "पण नाही. इथून जाणारं एकही पोर उद्या कुठल्या मशीनसमोर हात मागे बांधून उभं राहता कामा नये. भीती लहानपणीच मोडायची असते." माझ्या तोंडावर आलेला टोमणा मी आमटीबरोबर गिळला.

खरेदी अर्थातच उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये. बाजारात दुकानापेक्षा फळी मोठी अशी एक जागा होती, तिथे एक सिंधी शेठ सुटे भाग जोडून कॉम्प्युटर तयार करून द्यायचे. भावोजींनी मला बरोबर नेलं, कारण हिंदी त्यांना रागावतानाच यायची. शेठजींनी माल समोर ठेवला. भावोजींनी खिशातून बोटभर पट्टी काढून डब्याचा पत्रा मोजला, बोटाने टकटक करून कान लावला आणि निकाल दिला, "पत्रा पातळ आहे." मग मागून-पुढून निरखून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "ऑइलिंग कहाँ से करने का?" शेठजींनी आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली असणार, पण त्यांचाही चहा नाकात गेला. "काका, ये कंप्यूटर है, पानी का पंप नहीं. बच्चों के लिए ले रहे हो ना? फिर बच्चों को दे दो और भूल जाओ." माणूस दोन वाक्यांत सगळं शहाणपण सांगून गेला. पण शहाणपण हे वेगळ्या पिशवीत मिळत नसल्यामुळे आमच्या भावोजींनी ते तिथेच ठेवलं आणि फक्त कॉम्प्युटर रिक्षात घातला. येताना मॉनिटर मांडीवर होता आणि प्रत्येक खड्ड्याला भावोजी रिक्षावाल्याला असे काही बोलत होते, की रिक्षात बाळंतीण असती तरी एवढं बोलले नसते.

शेठजींनी त्याच्याबरोबर बालगीतांची म्हणून एक सीडीही फुकट दिली होती. ती लावल्यावर ढोलक वाजू लागलं आणि सिंधी लग्नातली गाणी सुरू झाली. भावोजींना वाटलं इंग्रजीच असणार, उच्चार अमेरिकन असतील. त्यांनी मुलांना ताल धरायला लावला. आठवडाभरात माझी सगळी बालवाडी कुणाच्या तरी नवरदेवाची वरात काढत घरी जाऊ लागली. मी शेठजींना दुकानावर जाऊन सांगितलं, तर म्हणाले, "बच्चे नाचे ना? फिर?" कप्पाळ माझं! गाणी खरोखर छान होती.

मशीन घरात आलं आणि भावोजींच्या अंगात टूलरूम संचारली. भिंतीवर 'आधी सुरक्षा' असा तांबड्या अक्षरांचा बोर्ड लागला, खाली नियमांची यादी. जमिनीवर रबरी चटई आली, शॉक लागू नये म्हणून. शेजारी वाळूने भरलेली तांबडी बादली आली, आग लागली तर. मुलांनी नखं कापलेली पाहिजेत. मुलींनी रिबिनी घट्ट बांधलेल्या पाहिजेत. सैल कपडे घालून मशीनजवळ यायचं नाही. मी विचारलं, "भावोजी, याला पट्टा नाही, चाक नाही, रिबीन अडकणार कशात?" ते म्हणाले, "अपघात झाल्यावर सगळेच असं म्हणतात." जाऊबाईंच्या लग्नातल्या शालूचा काठ लावून मॉनिटरला झूल शिवली गेली. माझ्या लग्नाला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा एवढा आहेर झाला नव्हता. आणि सगळ्यात वरचा नियम, रोज सकाळी प्रार्थनेनंतर एका सुरात म्हणायचा. भावोजी लांबच्या लांब लाकडी पट्टी मॉनिटरकडे रोखून विचारायचे, "याला काय करायचं नाही?" आणि पोरं हाताची घडी घालून बेंबीच्या देठापासून ओरडायची, "हात लावायचा नाही!"

भीती मोडण्याचा कारखाना असा जोरात सुरू झाला. आता हात न लावता कॉम्प्युटर शिकवायचा कसा? पण भावोजींकडे त्याचंही उत्तर होतं. त्यांनी प्रत्येक मुलाला एकेक साबणाची प्लास्टिकची डबी आणायला सांगितली, तिला सुतळीचं शेपूट बांधलं आणि म्हणाले, हा माऊस. सगळी पोरं सतरंजीवर बसून साबणाच्या डब्या घासायची. भावोजी पट्टी आपटून हुकूम द्यायचे, "डावीकडे! उजवीकडे! डबल क्लिक!" की खोलीभर टिकटिक, टिकटिक. आया तक्रारी घेऊन यायला लागल्या की पोरं न्हाणीघरात साबण हातात धरून टिकटिक करत बसतात, साबण विरघळून जातो आणि अंग कोरडंच. एक म्हणाली, "बाई, आमचे हे विचारतात, ही शाळा आहे की लाँड्री?" भावोजींना मी हे सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, "म्हणजे घरी सराव चाललाय."

खरं मशीन दिवसातून थोडाच वेळ सुरू व्हायचं. तेव्हा भावोजी बटणापासून हातभर लांब उभे राहून म्हणायचे, "बाई, मशीन चालू करा." घरात ते मला नावाने हाक मारायचे, पण बालवाडीत बाई आणि अहो-जाहो, कामावर नाती आणायची नाहीत हाही एक नियम. मी बटण दाबायचं, मी माऊस हलवायचा, मी की दाबायच्या आणि भावोजींनी हात पाठीमागे बांधून कसं करायचं ते सांगायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त शेळी मी होते. पडद्यावर हत्ती यायचा, ए बी सी डी म्हणायचा, पोरं डोळे विस्फारून बघायची, आणि तेवढ्यात हमखास लोडशेडिंग! पडदा काळा झाला की पोरं टाळ्या पिटायची आणि भावोजी घामाघूम व्हायचे. नीट बंद न करता वीज गेली म्हणजे आत काहीतरी दुखावलं असणार अशी त्यांची समजूत होती. मग वीज येईपर्यंत ते झूल सारखी करत, डब्याला वरवर फुंकर घालत बसायचे. मी कितीदा म्हटलं, "भावोजी, एकदा तुम्हीच बटण दाबून बघा की, काही होत नाही." ते लगेच पट्टी उचलून बोर्डावरची धूळ झटकायला लागायचे. घरात आल्यापासून त्या मशीनला त्यांनी स्वतः एकदाही हात लावलेला नव्हता, हे माझ्या आधी पोरांच्या ध्यानात आलं होतं.

सगळ्यात आधी ते साक्षीच्या ध्यानात आलं. साक्षी म्हणजे आमच्या मागच्या चाळीतली पाच वर्षांची भवानी. नियमाची घोकंपट्टी चालली असताना ती वाळूच्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून बसलेली असायची. खरं सांगायचं तर कॉम्प्युटर शिक्षणाच्या त्या अख्ख्या योजनेत मुलांना मनापासून काही आवडलं असेल, तर ती बादली! साक्षी तिच्यात पोळ्या लाटायची, विहीर खणायची, एकदा तर तिने त्यात माझी किल्ली पेरली होती. भावोजी तिला बाहेर काढून हाताची घडी घालायला लावायचे. ती घडी घालायची आणि त्यांच्याकडे टक लावून विचारायची, "आजोबा, तुम्ही का नाही लावत हात?" भावोजी म्हणायचे, "मोठ्यांना उलट विचारायचं नाही." हा नियम बोर्डावर नव्हता, तिथल्या तिथे तयार झाला.

दसरा जवळ आला. आमच्याकडे दसऱ्याला पाटीपूजन असतं. पाटीवर सरस्वती काढायची, फूल वाहायचं आणि नव्या मुलांचा हात धरून पहिलं अक्षर गिरवून घ्यायचं. भावोजींनी जाहीर केलं, यंदा पहिलं अक्षर मशीनवर. पालकांना बोलवायचं, प्रत्येक मुलाने सगळ्यांदेखत पुढे येऊन एक अक्षर काढायचं. मी म्हटलं, "म्हणजे हात लावायचा?" ते म्हणाले, "एक बोट." रात्रंदिवस त्यांना तोच ध्यास. मला दहादा विचारत, "जमेल ना गं पोरांना? लोक हसणार नाहीत ना?" पोरांना जमणार होतंच. लोकांचं मला सांगता येत नव्हतं, कारण आदल्या दिवशी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा होते हे आमच्या गावात कुणाला सांगायला नको. ज्या मशीनवर पोट आहे त्याला हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात आणि त्या दिवशी त्याला विश्रांती देतात, चालवत नाहीत. भावोजींनी सकाळी आंघोळ करून सोवळ्याने पूजा मांडली. जाऊबाईंच्या हातून मॉनिटरला माळ, डब्याला पाच बोटं गंधाची, माऊसला सुपारीचा मान. आणि कीबोर्डवर? भरपूर पाणी घालून कालवलेलं हळदकुंकू आणि त्यावर ओंजळभर अक्षता. स्वतः हात न लावता, लांबून, मनोभावे भिरकावलेल्या. मी ओरडले, "अहो भावोजी, त्याच्यात तांदूळ जातील!" तर म्हणाले, "देवाच्या अक्षता आहेत, बाधत नाहीत." आणि नियमाप्रमाणे दिवसभर मशीन बंद. सगळा लगदा रात्रभर छान वाळला.

दसऱ्याच्या सकाळी खोली गच्च भरली. आया नव्या साड्यांत, दोनचार बापही सुट्टी म्हणून आलेले, नर्सरीत गेलेल्या दोन मुलांच्या आयासुद्धा डोकवायला आल्या होत्या. भावोजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी खाकरून भाषण केलं, "आमचा काळ गेला. पण ह्या मुलांना कोणी लांब उभं करणार नाही." आणि मला हुकूम दिला, "बाई, मशीन चालू करा." मी केलं. पांढरा कोरा पडदा आला, आणि कोणी काही करायच्या आत त्यावर एम आला. मग आणखी एक एम. मग ओळीच्या ओळी. कुठल्यातरी अक्षतेने ती की आत दाबून धरली होती. एम, एम, एम, पडदा भरून वाहू लागला. मागून एक बाप म्हणाला, "ए, आयला, मशीन पागल हो गया!" आणि जो हशा उठला तो उठला. नर्सरीवाल्या आया पदर तोंडाला लावून एकमेकींना ढोसू लागल्या. मी की दाबून पाहिल्या, एकही ऐकेना. भावोजी मात्र तसेच उभे. हात आपोआप पाठीमागे गेले होते आणि चेहरा असा उतरला होता की मला त्या हसणाऱ्यांना एकेक लगावावीशी वाटली. ते पुटपुटत होते, "कोणी हात लावू नका. कोणी हात लावू नका."

साक्षीने ऐकलं नाही. ती सतरंजीवरून उठली, दोन माणसांच्या पायांतून वाट काढत टेबलाशी गेली, स्टुलावर चढली आणि कीबोर्ड उचलून सरळ पालथा केला. मग बादलीतल्या वाळूने भरलेली वाटी पालथी घालून ठोकायची तिची रोजची सवय होती, तसे तिने त्याला पाठीवर चार धपाटे घातले. तांदूळ पडले, हळदीच्या खपल्या पडल्या, एक झेंडूची पाकळी पडली. एम थांबला. हशाही थांबला. मी धावले तिला उतरवायला, पण ती म्हणाली, "बाई, थांबा. आजोबा, इकडे या." भावोजी गेले. का गेले कोण जाणे, मी बोलावलं असतं तर गेले नसते. तिने त्यांच्या पाठीमागचा हात ओढून पुढे घेतला, मूठ उघडली आणि आम्ही पाटीवर मुलांचा धरतो तसा त्यांचं अंगठ्याजवळचं बोट धरून ते एका कीवर ठेवलं. "घाबरायचं नाय," ती म्हणाली, "मी धरलंय." मग तिने दाबलं. पडद्यावर एक नवं अक्षर आलं. भावोजींनी विचारलं, "बिघडलं का गं?" ती म्हणाली, "नाय. अजून दाबा." आणि मला रडू आलं. सगळ्यांदेखत, दसऱ्याच्या दिवशी, भरल्या घरात. साक्षीच्या आईलाही आलं. मागचा तो बापसुद्धा एकदम छतावरचा पंखा न्याहाळू लागला.

दुसऱ्या दिवशी नियमांचा बोर्ड उतरला. पोरांनी त्या मशीनचे असे काही हाल केले की विचारू नका. बिस्किटं कोंबली, माऊसचं शेपूट ओढलं, वाळूची बादली तर एकदा सरळ कीबोर्डवर आली. काही बिघडलं नाही. शेठजींचा पातळ पत्रा भावोजींच्या भीतीपेक्षा टिकाऊ निघाला. आणि भावोजी साक्षीचे विद्यार्थी झाले. ती फार कडक. त्यांना सतरंजीवर मांडी घालून बसवायची, पाळी आल्याशिवाय उठू द्यायची नाही, चुकलं तर "असं कसं हो आजोबा" म्हणून कपाळाला हात लावायची. त्यांना स्वतःचं नाव काढायचं होतं. अक्षर शोधायला त्यांना इतका वेळ लागायचा की मधल्या मध्ये साक्षी खाऊ खाऊन यायची. पण आलं की ते खोलीभर बघायचे. मी भाजी निवडता निवडता म्हणायचे, "वा भावोजी!" आणि त्यात टोमणा नसायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये बालवाडी भरली. नवी पोरं भोकाड पसरून रडत होती. भावोजी इस्त्रीचा सदरा घालून खाली आले, सतरंजीवर आपल्या जागेवर मांडी घालून बसले आणि दाराकडे बघत राहिले. मशीन चालू होतं. त्यांनी सुट्टीआधी जपून ठेवायला लावलेलं पान मी उघडून दिलं होतं, आणि त्यावर त्यांचं नाव होतं, निम्म्यापर्यंत. बराच वेळ झाला तरी ते उठेनात, तेव्हा मी जवळ जाऊन म्हटलं, "भावोजी, मी शिकवते ना पुढची अक्षरं. दोन मिनिटांचं काम."

"नको," ते म्हणाले. "तुम्ही ओरडता."

मग पडद्यावरच्या त्या अर्ध्या नावाकडे बघत, जरा हसून म्हणाले, "माझ्या बाई पहिलीत गेल्या."